हिरव्या दिव्यामागची बॅटरी

मित्रांनो, दिल्लीतल्या मयूर विहारमधल्या एका फ्लॅटच्या बाल्कनीत, इन्व्हर्टरशेजारी बसलेली मी एक जुनी बॅटरी आहे. मला उचलायला दोन माणसं लागतात. उद्या ती येणार आहेत, म्हणून आजच बोलून घेते.

कारखान्यात माझ्या पोटात शिशाच्या जाड पट्ट्या बसवल्या आणि आम्ल भरलं. मला पसंत केलं ते समताने. ती नोएडाला नोकरी करते आणि कुणी काहीही गळ्यात मारावं अशी मुलगी नाही. दुकानदार गाडीची बॅटरी पुढे करत होता. ती म्हणाली, "भैया, ये तो गाडी स्टार्ट करने की है. मुझे घंटों चलनेवाली चाहिए." शाब्बास! गाडीची बॅटरी क्षणभर जोर लावते आणि दमते. मी मात्र तासन्‌तास हळूहळू देत राहते.

समताची आई कौसल्या माझी फार काळजी घ्यायची. अधूनमधून माझी पाण्याची पातळी बघायची, जोडणीवर पांढरं काही साचलं की पुसून व्हॅसलीन लावायची. शेजारीण एकदा म्हणाली, "आरओचं पाणी घाल ना, काय फरक पडतो?" कौसल्या म्हणाली, "अच्छा, आणि बॅटरी बसली म्हणजे? डिस्टिल्डच घालणार." उन्हाळ्यात लाइट गेली की आमच्याकडे पंखे फिरत राहायचे. समताचे आजोबा अर्जुनराव म्हणायचे, "ही बॅटरी म्हणजे आपल्या घरातलं माणूस आहे." मी तर फुगून जायचे!

गेल्या दसऱ्याला सगळे दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. या वेळी पुढे गावाकडे लग्न निघालं आणि मुक्काम महिनाभर लांबला. निघताना आजोबांनी मेन स्विच पाडला. घर बंद तर मेन बंद, ही त्यांची जुनी शिस्त. पण इन्व्हर्टरचं बटण चालूच राहिलं. इन्व्हर्टरला वाटलं, लाइट गेली! मग त्या रिकाम्या घरात वायफायचा डबा आणि बाल्कनीतला दिवा मी एकटीने चालवला, पार रिती होईपर्यंत. रिती बॅटरी तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर थर चढतो आणि तो सहसा उतरत नाही. मी कुणाला हाक मारणार होते?

ते परतले तेव्हा दिल्लीत धुराने सूर्य दिसत नव्हता. मेन वर केला आणि इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लगेच लागला. "बघ आई, फुल चार्ज!" समता म्हणाली. अगं, थर चढल्यावर आत भरायला जागाच कुठे उरली होती!

त्या धुराने आजोबांची छाती धरली. ते दवाखान्यातून घरी आले ते ऑक्सिजनचं मशीन घेऊन. "लाइट गेली तर?" कौसल्याने विचारलं. समता म्हणाली, "बॅटरी आहे ना, बिल्कुल टेन्शन नको."

एका दुपारी लाइट गेली. मी जीव तोडून ओढलं, मित्रांनो, खरंच ओढलं. थोड्याच वेळात मशीन केकाटलं आणि बंद पडलं. आजोबांचे ओठ निळे पडले. कौसल्या जिन्यात जाऊन ओरडली तेव्हा शेजारी धावले. त्यांनी आजोबांना खुर्चीसकट खाली नेलं आणि जनरेटर असलेल्या पलीकडच्या सोसायटीत मशीन लावलं. आजोबा वाचले.

आज माझी तपासणी करायला दुकानातला माणूस आला. "घर बहुत दिन बंद था क्या?" त्याने विचारलं आणि आजोबांनी मान खाली घातली. उद्या मला काढून न्यायचं ठरवून तो गेल्यावर समता माझ्यासमोर बसून रडू लागली. "मीच निवडली होती. मीच म्हटलं होतं, टेन्शन नको."

आजोबा नळी सांभाळत बाल्कनीच्या दाराशी आले. "तुझी चूक नाही, पोरी. हिचीही नाही. मेन मी पाडला होता. आल्यावर हिला एकदा चालवून बघायला हवं होतं, ते कुणीच केलं नाही." त्यांनी माझ्यावर हात ठेवला. मला रडता आलं असतं तर मीही रडले असते.

मित्रांनो, मला भंगारात फेकू नका. माझ्यातलं शिसं आणि आम्ल मातीत जाता कामा नये, मला दुकानातच परत द्या. महिनाभर घर बंद ठेवणार असाल तर निघताना इन्व्हर्टरही बंद करा. आणि माझ्या जागी येणारीला अधूनमधून मेन मुद्दाम पाडून चालवून बघा. मात्र ते अशा दिवशी करा, जेव्हा तिच्यावर कुणाचा श्वास अवलंबून नसेल.