वाटून घेतलेली कॅप्सूल

अमेरिकेतल्या मॅडिसनच्या आमच्या लॉ कॉलेजात मार्क मिळत नाहीत, वाटले जातात. दर वर्गात ठरावीक जणांनाच ‘ए’. एक जण वर चढला की दुसरा खाली ढकलला जाणारच. माझी स्कॉलरशिप वर्गातल्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात राहण्यावर टिकून आहे. ती गेली की शिक्षण संपलं, परत वडिलांच्या टायरच्या दुकानात.

आठ वर्षांची असल्यापासून मी रोज सकाळी एक कॅप्सूल घेते. तिच्याशिवाय माझं लक्ष एका ओळीवर ठरत नाही. शाळेतल्या बाईंनी दोन वर्षं भर वर्गात ‘आळशी मार्ना’ म्हटलं, तेव्हा कुठे डॉक्टरांनी या त्रासाला नाव दिलं. महिन्याला तीस मिळतात. एकतिसावी मागितली तर औषधवाला माझ्याकडे चोरासारखं बघतो.

माझ्याबरोबर माझ्याच वर्गातले टेसा आणि कॉर्मॅक राहतात. दोघांची डोकी धडधाकट. टेसा तर एकदा वाचलेलं विसरत नाही.

डिसेंबरच्या परीक्षेत माझं सगळं बिनसलं. एकच पान सातदा वाचायची आणि सातव्यांदाही कोरी. गॅस चालू ठेवून बाहेर पडले. बाटलीतल्या कॅप्सूल मोजल्या, बरोबर होत्या. म्हणजे दोष माझाच! टेसा म्हणाली, "अगं, नीट झोपत जा जरा. फोन बाजूला ठेव." आणि मी मूर्खासारखे तिचे आभार मानले. ते आठवलं की अजून अंगाची लाही होते. करार कायद्याच्या पेपरात चारातले दोनच प्रश्न झाले.

परीक्षा चालू असतानाच एका शनिवारी दुपारी लायब्ररीतून लवकर घरी आले. स्वयंपाकघरात टेसा माझी बाटली घेऊन बसलेली. कॅप्सूल उघडायची, निम्मे दाणे सफरचंदाच्या गरावर पाडायची आणि टोपण परत बसवायची. कॉर्मॅक चमचा घेऊन तयार.

"हे काय चाललंय?"

टेसा दचकली, पण क्षणभरच. "ओरडू नकोस. अख्खी एकही घेतलेली नाही. प्रत्येकीतले निम्मेच दाणे. तुला कमी पडू नये म्हणून."

"कमी पडू नये म्हणून?"

"तुझ्या अंगात मुरलंय ना ते औषध इतक्या वर्षांत," कॉर्मॅक म्हणाला. "आम्हाला एवढंसं पुरतं. पार्टीतसुद्धा काय मजा येते! कॉफीच समज ना."

"मग कॉफी पी ना, मेल्या!"

"हे बघ," टेसा समजावू लागली, जणू चूक माझीच. "आजारी माणसाला ते सगळ्यांच्या बरोबरीला आणतं. आम्हाला थोडं पुढे नेतं. पुढे जायचा हक्क काय फक्त आजाऱ्यांनाच?"

"पुढे म्हणजे कोणाच्या पुढे, टेसा? माझ्याच ना?"

तिनं बाटलीचं झाकण लावलं. धड पाय असून दुसऱ्याच्या कुबड्या चोरून शर्यत जिंकणारी माणसं ही, आणि वर मलाच न्याय शिकवतात!

"मी डीनकडे जाणार," मी म्हटलं.

"जा की," टेसा थंडपणे म्हणाली. "ऑक्टोबरमध्ये अभ्यास होत नाही म्हणून मी रडत होते, तेव्हा दोन कॅप्सूल मला कोणी दिल्या? तूच. देणाराही गुन्हेगार असतो, कायदा आपण दोघी एकाच बाकावर शिकलोय. वकिलीची सनद देताना चारित्र्य तपासतात, मार्ना. मी बुडाले तर तूही बुडशील."

खरं होतं ते. दिल्या होत्या मी, दया आली म्हणून. दोन दिवस मी गप्प बसले. त्या दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि रविवारी कॉर्मॅकनं माझ्यासाठीही पिझ्झा मागवला. त्या पिझ्झ्यानं माझं डोकं फिरलं. त्यांच्या हिशेबी मी विकली गेले होते.

सोमवारी पुढच्या पेपरच्या आधी मी डीनच्या ऑफिसात गेले. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी फॉर्म दिला. ‘तक्रार कोणाविरुद्ध’ या रकान्यात मी आधी माझं नाव लिहिलं.

"अगं मुली, तिथे तुझं नाव नाही लिहायचं," बाई म्हणाल्या. "ज्यानं गुन्हा केला त्याचं लिही."

"माहीत आहे," म्हटलं, आणि त्याच्याखाली टेसाचं आणि कॉर्मॅकचं लिहिलं.