पूजलेली सायकल

महादेवरावांची सायकल कुठेच जात नव्हती. खामगावातल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत ती एका जागी उभी होती. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायामासाठी घ्यायला लावली. महादेवरावांनी आठवडाभर घाम गाळला, मग तिच्यावर टॉवेल वाळत पडू लागले. तरी दसऱ्याला स्कूटरसोबत तिलाही हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. जागची न हलणारी का होईना, गाडी ती गाडी!

तिचा खरा उपयोग केला तो लेकीनं. योगिनी पोहायची, आणि चांगलीच पोहायची. येत्या रविवारी विभागाच्या संघासाठी तिची निवड चाचणी होती. तिच्या प्रशिक्षक संघमित्रा इंगळे मॅडमनी सांगून ठेवलं होतं, "पाण्यात उतरनं होनार नाई त्या दिवशी घरी सायकल मारजो. खांद्याले आराम भेटते, पायातला जोर अन् छातीतला दम कायम राह्यते."

नेमकी त्याच आठवड्यात योगिनीला पाळी आली. घरच्या रिवाजाप्रमाणे मागच्या खोलीत चटई पडली, ताट वेगळं झालं. दाराशी येऊन तिनं आईला विचारलं, "आई, मी सायकल तं मारू ना?"

"पागल झाली का व?" गीताबाई म्हणाल्या. "पूजलेली हाये ते. अन् देवघर त्याच खोलीत! हात नोको लावू."

"चार दिवस पडून राह्यली तं माहा दम तुटन. निवड हुकली तं वर्षभराची मेहनत वाया जाईन."

"जाऊ दे. आपल्या घरात चालत नाई."

गीताबाई काही निष्ठुर नव्हत्या. लेकीसाठी पहाटे उठून डबा करणारी ती माय. पण चालत नाही म्हणजे चालत नाही, यापुढे त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलगी तलावावर दिसली नाही म्हणून इंगळे मॅडम घरी आल्या.

"बाजूले बसली," गीताबाई हळूच म्हणाल्या.

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "गीताताई, राग नोको मानजा. माह्या आजीले गावच्या विहिरीले शिवू देत नव्हते. कोनी घागरीत पानी वतन म्हणून ते दूर उभी राहे. शिवू न देनाऱ्यायलेही तो धरमच वाटे. आता तुमी पोटच्या पोरीले तसंच दूर ठेवून राह्यल्या! ज्याच्यातून तुमी-मी जलमलो, त्याचा विटाळ कसा होते?"

गीताबाईंना आठवलं वडनेरचं माहेर आणि शेवटच्या घटका मोजणारी माय. त्या धावत पोचल्या, पण 'तू बाहेर हाये ना? उंबऱ्यातच थांब,' असं म्हणून चुलतीनं अडवलं. मायनं पाण्यासाठी तोंड उघडलं, आणि पाणी दुसऱ्याच कुणाच्या हातून गेलं. ती सल त्यांनी आजवर कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. योगिनी चटईवर उताणी पडून, पाय वर करून हवेतच सायकल मारत होती. डोळे मिटलेले, कपाळावर घाम.

अरे देवा! मला अडवलं तशाच उंबऱ्यात मी माझ्या लेकीला अडवलं!

गीताबाईंनी तिचा हात धरला आणि तिला थेट पुढच्या खोलीत आणून सायकलवर बसवलं.

"आई, देवघर..." योगिनी घाबरली.

"देव पाह्यते तं पाहू दे. मार!" गीताबाई म्हणाल्या.

तेवढ्यात महादेवराव बाहेरून आले आणि दारातच थबकले. काही बोलणार, तोच त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला. मग मुकाट्यानं लेकीसाठी पंखा लावला.

रविवारी योगिनीची निवड झाली. पुढच्या दसऱ्याला गीताबाईंनी पूजेचं ताट लेकीपुढे धरलं, तेव्हा ती मागे सरली. "आई, आज मले..."

"ठाऊक हाये. तूच पूज."

वाचकहो, गावच्या विहिरी खुल्या झाल्या म्हणून आपण समाधान मानतो. पण आपल्याच घरात लेकीबाळी अजून उंबऱ्यावर अडलेल्या आहेत. बाहेरचं कुणी फार तर आपले डोळे उघडील. ज्या हातानं आपण त्यांना अडवलं, त्याच हातानं त्यांना आत आणायचं आहे.