धुक्याआडची कॉलनी

रूपालीने तो फोटो सकाळपासून कितीदा उघडला आणि बंद केला, तिचं तिलाच ठाऊक. काम तसं सोपं होतं. एका बिल्डरच्या माहितीपत्रकासाठी नाशिकची सकाळ हवी होती. ऑफिसातल्या फोटोग्राफर सुनीलने पांडवलेण्याचा डोंगर चढून फोटो काढला होता. करड्या धुक्यात बुडालेलं शहर, त्यातून डोकं वर काढणाऱ्या इमारती, उड्डाणपुलाची पुसट रेघ. तिने धुक्याला सोनेरी झाक दिली, सावल्या निळसर केल्या. शहर स्वप्नातलं वाटू लागलं.

"झकास!" मागून धनराज सर म्हणाले. जाहिरात एजन्सी त्यांचीच. "फक्त ते डावीकडचे पत्रे दिसायला नकोत, बिल्डर पार्टी म्हणते. तिथे धुकं दाट कर."

ते पत्रे रूपालीच्या कॉलनीचे होते. बुद्धविहाराचा पांढरा घुमट, त्याच्यामागे तिसरं छप्पर तिचं. ऑफिसात तिने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. पत्ता विचारला की 'द्वारका चौकाजवळ' म्हणून मोकळी व्हायची.  तिने ब्रश मोठा केला आणि चार फटकाऱ्यांत कॉलनी झाकली. इतक्या सफाईने, की सर पाठ थोपटून गेले.

मग मात्र तिला बसवेना. पाणी प्यायली, जिन्यात फेऱ्या मारल्या, पुन्हा खुर्चीत येऊन बसली.

संध्याकाळी आईने, चिमणाबाईने, तिचा मोबाइल घेतला. लेकीचं काम बघायची तिला भारी हौस. फोटो बोटांनी मोठा करत ती एकेक जागा ओळखू लागली. "हा पूल. ही पाण्याची टाकी. मग आपला विहार कुठंय?"

"धुक्यात गेला असेल."

"सगळं दिसतंय, अन् नेमकं आपल्याच डोक्यावर धुकं?"

रूपालीने हातातली भाकरी ताटात ठेवली.  "मीच घातलंय, आई. त्यांनी सांगितलं, मी घातलं."

चिमणाबाईने मोबाइल खाली ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आपण इथं राहतो, हे त्यांना माहीत होतं का?"

"नाही."

"मग त्यांचं सोड. तुला तर माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी रूपाली सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. कालची फाइल उघडून तिने डावीकडचं धुकं पुसलं आणि कोवळं ऊन घुमटावर आणून सोडलं. चित्र उलट जास्त खुललं. धनराज सर आले तशी ती उठून उभी राहिली.

"सर, मी इथे राहते." तिने पडद्यावर बोट ठेवलं.  "हे मी झाकणार नाही."

सरांनी वाकून फोटो बघितला. "आधी बोलली असतीस," ते म्हणाले. दोन्ही फोटो त्यांनी पार्टीला पाठवले. तासाभराने उत्तर आलं. पार्टीला धुक्याचाच हवा होता.

"मी सांगून बघितलं गं," सर नजर चुकवत म्हणाले. "छपाईची फाइल तेवढी काढून दे."

"ती तुम्ही काढा, सर."

ते तिच्या खुर्चीत बसले. कुठलं बटण कुठे, त्यांना आठवेना. रूपाली शेजारी उभी होती, हात घट्ट बांधून. कुठलं बटण, ते अगदी जिभेवर आलं होतं. तिने सांगितलं नाही.