थांबलीस की नापास

मी परदेशी भाषा शिकवते. म्हणजे शिकवत होते. हल्ली नुसती परीक्षा घेणाऱ्या ॲपची तळी उचलते.

माझी विद्यार्थिनी नर्स आहे. ड्यूटीआधी कपडे बदलायच्या खोलीत, लोखंडी कपाटाला मोबाइल टेकवून तासाला बसते. मी त्या भाषेत विचारायची, "कशी आहेस?" ती जरा थांबायची आणि मग खरं ते सांगायची. पाय दुखतात. लेक आजीकडे राहायला तयार नाही.

परदेशातल्या एका वृद्धाश्रमात तिची नोकरी ठरलीय. पण तोंडी परीक्षा ॲप घेतं, आणि त्यात ती दोनदा नापास झाली. आणखी एकदा झाली की नोकरी गेली.

नापास का, तर थांबते म्हणून. थांबायला तिला मीच शिकवलं. तिथल्या लोकांत वडीलधाऱ्यांनी काही विचारलं की पटकन उत्तर देत नाहीत. क्षणभर थांबतात, म्हणजे आपलं ऐकलं गेलं हे समोरच्याला कळतं. मी तिथं राहून आलेय. ॲप कुठं राहून आलंय? माणूस थांबला की ते लाल दिवा लावून मोकळं.

ॲपच्या कंपनीला लिहून लिहून मी हात टेकले. शेवटी तिला म्हटलं, "अगं, मी शिकवलेलं विसर. प्रश्न संपतोय तोवर उत्तर बाहेर पडायला हवं."

"पण मॅडम, तिथल्या आजी-आजोबांना वाईट नाही वाटणार?"

"आधी पोच तर त्यांच्यापर्यंत."

मग नुसती घोकंपट्टी. मी विचारायचं, तिनं फाडकन उत्तर द्यायचं. इतकी वर्षं शिकवतेय, पण तास संपायची वाट मी पहिल्यांदाच बघू लागले.

ती पास झाली. निघायच्या दिवशी तिनं घरून व्हिडिओ कॉल केला. मागे बांधलेली बॅग, मांडीवर लेक. लेक आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारून हुंदके देत होती.

सवयीनं मी त्या भाषेत विचारलं, "कशी आहेस?"

"मी अगदी मजेत आहे, धन्यवाद. आपण कशा आहात?"

एकही चूक नाही. हिरवा दिवाच लागला असता. हे मी शिकवलं होतं.

मी तिच्याकडे बघत नुसती थांबले.

तीही थांबली. मग लेकीच्या केसांत तोंड खुपसून रडू लागली.