गुलाबाच्या फॉर्मावरचं नाव

आईबाबा या देशात आले तेव्हा बाबांना एका म्हाताऱ्याच्या नर्सरीत कुंड्या भरायचं काम मिळालं. पुढे म्हातारा थकला आणि त्याने नर्सरी त्यांच्याच हवाली केली. गिऱ्हाइकं आणि बोलणं-चालणं बाबांकडे, कारण इथली भाषा त्यांनी पटकन उचलली होती. आईला ती कधीच जमली नाही. पण झाडांच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मागच्या काचघरात ती गुलाबांचे संकर करायची. कळी उमलायच्या आत पाकळ्या आणि केसर खुडायचे, माझ्या रंगपेटीतल्या ब्रशने दुसऱ्या फुलाचे पराग लावायचे, वर कागदी पिशवी बांधायची. बिया रुजायच्या, रोपांना फुलं यायची आणि आई त्यातली जवळजवळ सगळी उपटून टाकायची. नुसतं सुंदर असून भागत नाही, उन्हात टिकायला हवं, असं तिचं म्हणणं. अकरा वर्षं हेच चाललं. एवढ्या वेळात देवाने आख्खी पृथ्वी दोनदा केली असती, अशी बाबा थट्टा करायचे.

बाराव्या वर्षी ते फूल आलं. तांब्याच्या रंगाचं, कडेला फिकट, भर उन्हात आठवडाभर जसंच्या तसं. बाबांना त्या दिवशी थट्टा सुचली नाही.

नव्या वाणाची नोंद करायला गुलाबप्रेमींच्या संस्थेचा फॉर्म आला. मी चौदा वर्षांची होते. घरातली सगळी लिखापढी माझ्याकडेच. ‘वाण तयार करणाऱ्याचं नाव’ या ओळीवर आईचं नाव लिहायला मी पेन टेकवलं.

“माझं घाल,” बाबा म्हणाले. “उद्या कोणी काही विचारलं तर ती उत्तरं देणार आहे का?”

मला ते पटलं नव्हतं. तरी घातलं. चांगल्या वळणदार अक्षरात.

संस्थेच्या प्रदर्शनात फुलाला पहिलं बक्षीस मिळालं. मंचावर बाबा त्या अकरा वर्षांबद्दल बोलले, पिशव्यांबद्दल, उपटलेल्या रोपांबद्दल. प्रत्येक वाक्यात ‘मी’. आई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. परतताना गाडीत तिने मला भाषणाचा अर्थ विचारला आणि मी खरं ते सांगून टाकलं. बाबा समोर बघत गाडी चालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी आईने काचघरात टोमॅटो लावले. संकर तिने पुन्हा केला नाही.

पुढचा गुलाब कधी, असं लोक विचारू लागले. बाबांनी स्वतः करून पाहिलं, पण एकही बी धड रुजलं नाही. चारेक वर्षांनी ते आईसमोर अगदी काकुळतीला आले. ती पाणी घालत होती.

“तो तुम्हीच केला होतात ना?” ती म्हणाली. “मग हाही करा.”

नर्सरी हळूहळू बसली. बाबा गेले तेव्हा वर्तमानपत्राने त्यांना त्या गुलाबाचे जनक म्हटलं. मला फार उशिरा शहाणपण सुचलं. नोंद बदलून मिळावी म्हणून मी संस्थेला पत्र लिहिलं आणि आईपुढे सहीला ठेवलं. तिने त्याची नीट घडी घातली आणि मला परत दिलं.

“तेव्हाही तुला लिहिता येत होतं,” ती म्हणाली.

मी ते सहीशिवायच पाठवलं. संस्थेने कळवलं की सही नसेल तर काही करता येणार नाही. आईला मी हे सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही.