न धुतलेलं काहीतरी

गल्लीतली पोरं त्यांना फिनाईलआजी म्हणायची, आणि आजींना ते माहीत होतं. किळस यायला त्यांना निमित्त लागत नसे. दाराची मूठ, सुट्टे पैसे, दुसऱ्याच्या घरचा टॉवेल, झालंच तर पाहुण्यांचे पाय. पण बोका म्हणजे कहर! जिभेने अंग चाटतो आणि लोक त्याला आंघोळ म्हणतात. शी!

आणि नेमका बोकाच त्यांच्या गळ्यात पडला होता. लेक-जावई नातीला घेऊन परदेशी गेले, पण त्यांच्या बोक्याचं, गुंड्याचं रक्त तपासायचं, मग तिकडच्या सरकारची परवानगी, ह्यात कैक महिने जाणार होते. "आई, तेवढे दिवस सांभाळ गं," म्हणून लेक मोकळी झाली. नातीचा तर तो जीव की प्राण. नव्या शाळेत पोरगी कोणाशी चकार शब्द बोलत नव्हती. रोज फोनवर एकच, "आजी, गुंड्या कधी येणार?" मग काय करता? आजींनी नाक दाबून होकार दिला.

गुंड्या आला आणि घराची रया गेली. सोफ्यावर केस, पडद्यावर केस, एकदा तर चक्क चहात केस. त्याच्या वाळूच्या ट्रेचा तो दर्प! आजी नाकाला रुमाल बांधून ट्रे उपसायच्या आणि बोक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. "लाटसाहेब, तुमचं विमान एकदाचं उडू दे. छपरापासून घर धुऊन काढते की नाही बघा!" बोका डोळे मिचकावायचा. निर्लज्जम् सदासुखी.

अखेर तो दिवस उजाडला. प्राणी परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस दुपारी टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. पिंजरा त्याने आधीच आणून दिला होता. आत अंथरायला लेक नातीचा एक जुना फ्रॉक ठेवून गेली होती, आणि दहादा बजावून गेली होती, "आई, हा धुवायचा नाही हं. तिचा वास राहिला पाहिजे. त्या वासाने तो प्रवासात शांत बसेल."

आजींनी धुतला होता. नुसता धुतला नव्हता, उकळत्या पाण्यात घालून धुतला होता. मळकं कापड परदेशी पाठवायचं म्हणजे काय! वर पिंजराही फिनाईलने घासून लखलखीत केला होता.

गुंड्याने पिंजऱ्यात नाक घातलं, तीनदा शिंकला, टेम्पोवाल्याच्या हातावर ओरखडा काढला आणि पलंगाखाली पसार झाला.

"कोंबून बसवा की!" आजी म्हणाल्या.

"कोंबला तर धडका मारून घेईल, आजी. असा बिथरलेला प्राणी विमानतळावर घेत नाहीत. गुंगीचं औषधही चालत नाही, विमानात श्वास अडकतो." टेम्पोवाला हात चोळत म्हणाला. "आणि आजचं विमान चुकलं तर डॉक्टरांच्या दाखल्याची मुदत संपते. पुन्हा पहिल्यापासून सगळं. ओळखीच्या वासाचं काहीतरी घाला आत. चादर, उशी, पायपुसणं. न धुतलेलं काहीही चालेल."

"माझ्या घरात न धुतलेलं?" आजी ताठ मानेने म्हणाल्या, आणि दुसऱ्याच क्षणी तो ताठा उतरला. चादरी सकाळीच बदललेल्या. पायपुसणी दोरीवर. बोक्याची गादी, तीही दोरीवर. अहो, ह्या घरात केरसुणीसुद्धा धुतलेली होती!

तेवढ्यात नातीचा फोन. "आजी, निघाला का गं? मी आज वर्गात एका मुलीला सांगितलं, माझा बोका येतोय. ती बघायला येणार आहे घरी!"

"निघतोय हं, सोन्या," म्हणून आजींनी फोन ठेवला, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

कपाटात, इस्त्रीच्या घड्यांच्या मागे, एक गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी होती. आत नवऱ्याचा मफलर. तंबाखू, डोक्याचं तेल आणि घाम. "शी, लांब व्हा! तो मफलर द्या आधी धुवायला," हे वाक्य आजींनी संसारभर म्हटलं होतं, आणि तो हसून मफलर आणखी घट्ट गुंडाळायचा, लेकीकडे गेला की तोच मफलर घालून गुंड्याला मांडीवर घेऊन बसायचा. तो गेल्यावर त्याचं सगळं आजींनी धुऊन टाकलं. मफलर तेवढा दारामागे राहिलेला नंतर सापडला. बादलीपर्यंत नेला होता त्यांनी, पण बुडवला नाही. मग कधीतरी घर सुनं वाटलं की गाठ सोडायची, एक श्वास घ्यायचा, लगेच गाठ मारायची. वास संपू नये म्हणून. कोणाला कळलं असतं तर आजींना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

त्यांनी मफलर पिंजऱ्यात ठेवला. पलंगाखालून एक नाक बाहेर आलं. गुंड्या सरपटत आला, आत शिरला, पंजांनी मफलर कणकेसारखा तिंबला आणि त्यात तोंड खुपसून घुरघुरू लागला. लाळ गळत होती. आजींना किळस यायला हवी होती.

"थांबा हो, एक टोक कापून घेते," त्या कात्रीकडे वळल्या.

"आता हात लावू नका, आजी! पुन्हा पळेल." टेम्पोवाल्याने पिंजऱ्याचं दार लावलं.

मग आजींनी बोलल्याप्रमाणे छपरापासून घर धुतलं. धुताना मनाशी ठरवलं, लाज गुंडाळून ठेवायची आणि लेकीला सांगायचं, तेवढा मफलर पिशवीत घालून ठेव गं माझ्यासाठी.

फोन आला तो नातीचाच. "आजी, आला! ती मुलगी पण आली! गुंड्या ना, मफलर सोडतच नव्हता!"

"अगं, आईला दे जरा. तो मफलर—"

"काय गं आई!" पलीकडे लेक खळखळून हसत होती. "बाबांचा तो मळका मफलर कुठून काढलास? काय घाण वास! दारातच चिमटीत धरला आणि थेट मशीनमध्ये, गरम पाण्यात, दोनदा. जन्मभर मागे लागली होतीस ना त्यांच्या, धुवायला द्या म्हणून? घे, शेवटी मी धुतला. कोणाची लेक आहे!"

"बरं केलंस," आजी म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी बोटं नाकाशी नेली. फिनाईलचा वास आला.

"शी!" आजी म्हणाल्या, आणि त्याच हातांत तोंड लपवून रडू लागल्या.