घाम न फुटलेला बर्फ

टेबलावर लशीच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि सिस्टर अर्धा तास त्यांच्यावर डोळे रोखून बसल्या होत्या. डावीकडची त्यांनी मुद्दाम रात्रभर गोठवून मग वितळवलेली, उजवीकडची काल गावात नेलेल्या लशीच्या पेटीतली उरलेली. दोन्ही एकदमच हलवून ठेवलेल्या. ही लस चांगली असली तर तिचा गढूळपणा लवकर खाली बसत नाही. पण आता दोन्हींच्या तळाशी सारखाच पांढरा थर होता. म्हणजे कालची लसही गोठून वाया गेलेली होती, आणि ती नऊ बाळांना टोचून झाली होती.

चूक कुठे झाली ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. बर्फाची पाकिटं पेटीत भरण्याआधी बाहेर ठेवायची, त्यांना घाम फुटू द्यायचा, हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच भरायची, नाहीतर शेजारची लसच गोठते. एकतीस वर्षं त्यांनी हेच नव्या पोरींना दरडावून शिकवलं. आणि काल गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता म्हणून स्वतःच दगडासारखी टणक पाकिटं पेटीत कोंबली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

दवाखान्याचे मोठे डॉक्टर वयाने सिस्टरांच्या मुलाएवढे. त्यांनी आधी बाटल्या पाहिल्या, मग दार लावून घेतलं.

“कोणी विचारलंय का? नाही ना? पुढच्या महिन्यात तुमचा निरोप समारंभ आहे, सिस्टर. कशाला हात दाखवून अवलक्षण? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ झाकलेलीच राहील हो. पण आत काही नाही, आणि रोगाला ते बरोबर कळतं.”

“मग लेखी द्यावं लागेल. उद्यापासून तुमचं टोचणं बंद, चौकशी चालू. मला मध्ये पडता येणार नाही.”

“पडूच नका. कागद द्या, पेन आहे माझ्याकडे.”

लिहून दिलं आणि त्या बर्फाचं एक पाकीट घेऊन नऊ घरी सांगायला निघाल्या. आठ घरी कुणी रडलं, कुणी बाळाची मांडी चाचपून पाहिली. नववं घर वेल्डरचं. ऐकताच तो दारातच उसळला.

“आमच्या लेकराला काय पाणी टोचलंत? लाज नाही वाटत?”

“वाटते. म्हणूनच आले. बाळाच्या अंगात पहारेकरी असतात, पण नवखे. चोर कसा दिसतो हे त्यांना माहीत नसतं. लस म्हणजे चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवायचा. मग खरा चोर आला की दारातच धरतात. काल मी दाखवला तो चेहरा पुसट होता. परत टोचावं लागेल. सुईच्या जागी गाठ आली तर लगेच दवाखान्यात आणा.”

“आणि आता विश्वास कुणावर ठेवायचा?”

“कुणावरच नको. माझ्यावर तर नकोच.” सिस्टरांनी पाकीट त्याच्या हातात दिलं. “हे कानाशी धरून हलवा. असा आवाज आला तरच टोचून घ्या. नाही आला तर कुणी कितीही मोठा असो, बाळ उचला आणि चालू लागा.”

त्याने पाकीट हलवलं. परत दिलं आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या खेपेला नव्या सिस्टरने पेटी उघडली, तेव्हा वेल्डर रांगेत पहिला होता.

“आधी पाकीट द्या.”

“अहो, बघण्यासारखं काय आहे त्यात?”

“बघायचं नाही, ऐकायचंय.”

मागची बाईही पुढे झाली. “मलाही.” मोठे डॉक्टर खेकसले, पण रांग हलली नाही. एकेक पाकीट नऊ जणांच्या कानाशी फिरलं. मग वेल्डरने बाळाच्या मांडीवरचं दुपटं बाजूला केलं.

व्हरांड्याच्या टोकाला, चौकशीसाठी बोलावलेल्या लोकांच्या बाकावर, सिस्टर गणवेशाशिवाय बसल्या होत्या. आतून नऊ बाळं एकामागून एक रडली. शेवटचं रडून गप्प होईपर्यंत त्या थांबल्या, मग चौकशीच्या खोलीचं दार त्यांनी स्वतःच ठोठावलं.